मणक्यात पसरलेला कर्करोग आणि वेदनामुक्तीचे सुलभ उपचार

(न्यासाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



वार्षिक सभेत रुग्णालयातील एका डॉक्टरने आपल्या कामातला एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी आपली प्रथा आहे. यंदा ही संधी मला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषय निवडताना मी थोडा घुटमळलो, हे प्रथमच सांगतो. कर्करोगाविषयी बोलायचे तर प्रतिबंध, लवकर निदान आणि बरे झालेले रुग्ण यांविषयी बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज अशा रुग्णांविषयी बोलणार आहे, ज्यांचा रोग मूळ जागा सोडून पाठीच्या मणक्यात उतरला आहे. त्यांतील बहुतेकांचा रोग पूर्ण बरा होणार नाही. त्यांना हवे असते ते फार थोडे : रात्री पाठ टेकता यावी आणि सकाळी आपल्या पायांनी अंगणापर्यंत जाता यावे. या थोड्यासाठी आज वैद्यकाजवळ पुष्कळ काही आहे, आणि त्यातले फारच कमी आपल्या या दोन जिल्ह्यांत पोहोचते. म्हणून हा विषय.

पाठदुखी ही आपल्याकडे सांगण्यासारखी गोष्टच राहिलेली नाही. आषाढ-श्रावणात वाकून धानाची रोवणी, उन्हाळ्यात पहाटेपासून मोहफुले वेचणे, मग तेंदूपत्ता, आणि वर्षभर डोक्यावर सरपण. शोधग्राम येथील 'सर्च' संस्थेच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईच्या डॉ. शेखर भोजराज यांच्या 'द स्पाइन फाउंडेशन'चे शल्यचिकित्सक वर्षानुवर्षे येऊन पाठीच्या रुग्णांना तपासत आले आहेत, ते या प्रदेशात पाठदुखीचे ओझे किती मोठे आहे हे ओळखूनच. आणि वरोऱ्याच्या आनंदवनाशी ज्यांचा संबंध आला, त्यांना बाबा आमटे आठवतील. मणक्याच्या जुनाट विकारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, दोनच पर्याय. १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर असे 'भारत जोडो' अभियान त्यांनी केले, तेही या अवस्थेत. बाबांचा तो विकार कर्करोगाचा नव्हता. पण मणक्याचे दुखणे माणसाचे जगणे किती आक्रसून टाकते, हे या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

सांगायचे असे की शंभर पाठदुखींमध्ये नव्व्याण्णव कष्टाच्या असतात, आणि म्हणूनच शंभरावी हातून निसटते.

माझ्या हातून ती निसटली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी दुसऱ्या एका दवाखान्यात होतो. रोवणीचे दिवस होते. पन्नाशीच्या एक बाई आपल्या मुलाबरोबर आल्या. दोन खांद्यांच्या मध्ये पाठ दुखते म्हणाल्या. पाठीवर बिब्बा लावल्याचे चट्टे होते. मी बोटाने दाबून पाहिले, गोळ्या दिल्या, आणि वाकून काम करू नका असे सांगितले. रोवणीच्या दिवसांत हा सल्ला कोण पाळणार? तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. रात्री निजल्यावर जास्त दुखते, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, असे त्यांनी स्वतः होऊन सांगितले. मी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या वेळी त्यांना खाटेवर घालून आणले. दोन दिवसांपासून पायांत जोर नव्हता आणि आदल्या सायंकाळपासून लघवी झाली नव्हती. तेव्हा प्रथमच मी पूर्ण तपासणी केली आणि लक्षात आले, की त्यांचे एक स्तन चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेने काढलेले आहे. मी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते. पाठीचा आणि त्या जुन्या आजाराचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनात यावे तरी कसे? ते माझ्या मनात यायला हवे होते.

त्या पुढे सात महिने जगल्या. पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलाने मला कधी दोष दिला नाही, फक्त एकदा विचारले, "डॉक्टरसाहेब, पहिल्या खेपेला माय चालत आली होती नं?"

होय, चालत आल्या होत्या. याच एका गोष्टीवर या आजाराचे बरेचसे गणित अवलंबून असते, ते पुढे सांगतो.

कर्करोग मणक्यातच इतक्या वेळा का जातो, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. रक्तावाटे पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुस आणि यकृत यांच्या खालोखाल हाडांत रुजतात, आणि हाडांमध्ये मणक्यांचा क्रम पहिला लागतो. मणक्याच्या आत रक्त तयार करणारा मऊ मगज असतो, तेथे रक्ताचा पुरवठा भरपूर. शिवाय मणक्यांभोवती शिरांचे एक जाळे आहे, ज्याचे वर्णन ऑस्कर बॅट्सन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४० मध्ये केले. या शिरांना झडपा नसतात. खोकला आला, जड वजन उचलले, की पोटातला दाब वाढून रक्त उलट दिशेने मणक्यांकडे ढकलले जाऊ शकते. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग कमरेच्या मणक्यांत वारंवार का आढळतो, याचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग मणक्यात जाणारे प्रमुख. मल्टिपल मायलोमा नावाचा रोग तर हाडांच्या मगजातच सुरू होतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्या भागात कर्करोग म्हटले की खर्रा डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या पुडीने किती तोंडे बंद झाली, हे आम्ही रोज पाहतो. पण तोंडाचा कर्करोग बहुधा मानेच्या गाठींत पसरतो, मणक्यात क्वचितच जातो. त्यामुळे "आमचा माणूस खर्रा खात नव्हता, मग पाठीत कर्करोग कसा?" असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर असे, की हे रोग निराळे आहेत. त्यात रुग्णाचा काही दोष नसतो.

आता वेदनेकडे वळू. मणक्यातल्या कर्करोगाची वेदना एकाच प्रकारची नसते, आणि उपचार निवडताना हा भेद फार उपयोगी पडतो. पहिली वेदना गाठीची : हाडाच्या आत गाठ वाढते, दाह होतो, आणि ठसठस रात्री वाढते. दुसरी हाड खचण्याची : पोखरलेला मणका शरीराचा भार पेलू शकत नाही, दबतो. अशी वेदना निजल्यावर शांत असते, पण कूस बदलली, उठून बसले, की जीव घेते. तिसरी मज्जातंतू दाबला गेल्याची : हातात, पायात किंवा बरगडीच्या रेषेत वीज चमकावी तशी. एकाच रुग्णाला तिन्ही असू शकतात. पण "कधी दुखते?" हा साधा प्रश्न शांतपणे विचारला, तर कोणती वेदना प्रमुख आहे हे पुष्कळदा यंत्राआधी कळते.

हाड खचण्याच्या वेदनेसाठी गेल्या चाळीस वर्षांत जो उपचार पुढे आला, तो व्हर्टिब्रोप्लास्टी. फ्रान्समधील अमियाँ या शहरात १९८४ मध्ये गालिबेर आणि देरामों या डॉक्टरांनी मानेच्या दुसऱ्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी प्रथम त्याचा वापर केला आणि १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. कल्पना अगदी घरगुती आहे. वाळवीने पोखरलेल्या खांबात आपण काय करतो? पोकळी भरतो. येथेही तेच. रुग्णाला पालथे निजवतात. बहुतेक वेळा केवळ त्या जागेपुरती भूल आणि थोडे गुंगीचे औषध पुरते. सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत पाठीच्या कातडीतून एक जाडसर सुई मणक्याच्या मागच्या हाडाच्या खुंटीतून आत नेतात आणि त्यातून हाडांचे सिमेंट सोडतात. हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. खुब्याचा सांधा बदलताना हाडे पक्की बसवण्यासाठी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी ते रूढ केले, तेच. पडद्यावर दिसावे म्हणून त्यात बेरियमसारखा पदार्थ मिसळलेला असतो. प्रमाण किती, तर दोन ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चमचा. काही मिनिटांत ते घट्ट होते. रुग्ण एक-दोन तास निजून राहतो आणि अनेकदा त्याच दिवशी उठतो. टाका नाही, किंवा असलाच तर एखादा.

याच उपचाराचा दुसरा प्रकार कायफोप्लास्टी. त्यात सिमेंट सोडण्याआधी मणक्यात छोटा फुगा फुगवून जागा करतात. फुग्याचे साधन महाग असते. आपल्यासारख्या रुग्णालयाला साधी पद्धत पुरेशी आहे, असे माझे मत आहे, आणि मुंबई-पुण्याचे माझे काही मित्र त्याच्याशी सहमत नाहीत. काही ठिकाणी सिमेंटपूर्वी गाठीत तापणारी सुई घालून गाठ जाळतात, तिला रेडिओ-लहरींचे विलोपन म्हणता येईल. मोठ्या केंद्रांत त्याचा चांगला उपयोग होतो.

देणगीदारांसमोर बोलताना उपचाराचे फक्त गुण सांगावेत, असा मोह होतो. तो मी टाळतो. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. वयोमानाने हाडे ठिसूळ होऊन मणका दबलेल्या रुग्णांत खरी व्हर्टिब्रोप्लास्टी आणि नुसता तिचा आभास, या दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच निघाला. जगभर खळबळ उडाली. त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दबलेल्या मणक्यात सिमेंट भरणे योग्य नाही. पण कर्करोगाने पोखरलेला मणका ही वेगळी गोष्ट आहे. २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त १३४ कर्करुग्णांचा अभ्यास आला. त्यात फुग्याची पद्धत वापरली होती. पाठीमुळे रोजच्या जगण्यात किती अडते याचे २४ गुणांचे एक माप आहे, गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. उपचार मिळालेल्यांचे सरासरी गुण एका महिन्यात १७.६ वरून ९.१ वर उतरले. ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे १८.२ वरून १८.० झाले, म्हणजे होते तेथेच राहिले. या अभ्यासात आभासी उपचाराशी तुलना नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

धोकेही आहेत. सिमेंट मणक्याबाहेर झिरपू शकते. बहुधा त्याने काही बिघडत नाही, पण क्वचित ते मज्जातंतूवर दाब आणते किंवा शिरेवाटे फुप्फुसात जाते. ज्याच्या मणक्याची मागची भिंत फुटून गाठ मज्जारज्जूला टेकली आहे, ज्याच्या अंगात जंतुसंसर्ग आहे, ज्याचे रक्त गोठत नाही, त्याला हा उपचार सहसा देत नाहीत. म्हणून आधी एम.आर.आय. हवा, सराव असलेला हात हवा, आणि काही चुकले तर तातडीने शस्त्रक्रिया करू शकणारे केंद्र संपर्कात हवे.

गाठीच्या वेदनेवर आजही सर्वांत मोठा आधार किरणोपचाराचा आहे. यात त्वचेला छेदही नाही. आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्यांसाठी सर्वांत महत्त्वाची माहिती कोणत्याही नव्या यंत्राची नाही. पूर्वी हाडाच्या वेदनेसाठी पाच किंवा दहा दिवस रोज थोडा थोडा किरणोपचार देत. अनेक देशांत झालेल्या तुलनात्मक अभ्यासांतून आता निर्विवाद झाले आहे, की जेथे हाड मोडलेले नाही आणि मज्जारज्जू दबलेला नाही, तेथे ८ ग्रे इतकी मात्रा एकाच बैठकीत दिली, तरी वेदना तितकीच कमी होते. फरक एवढाच, की एकदाच घेतलेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्णांना पुढे पुन्हा किरणोपचार लागतो, अनेकदा घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के असते.

हा हिशेब नागपूरच्या रुग्णासाठी वेगळा आणि भामरागडच्या रुग्णासाठी वेगळा. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि तेथून नागपूर जवळजवळ तितकेच. दुखऱ्या मणक्याच्या माणसाला जीपमध्ये किंवा एस.टी.च्या मागच्या बाकावर हा प्रवास काय असतो, हे तुमच्यापैकी काहींनी शेजारी बसून पाहिले आहे. दहा बैठकी म्हणजे नागपुरात दोन आठवडे मुक्काम, बरोबरच्या दोन माणसांची मजुरी बुडालेली, घरी गुरे शेजाऱ्याच्या भरवशावर. उपचाराचे पैसे शासकीय योजनेतून मिळतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता, आणि आज ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. पण मुक्कामाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कोण देणार? उपचार अर्धवट सोडून परतलेल्या रुग्णांना आम्ही कधी दटावत नाही. म्हणून आता येथून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाला किंवा सेवाग्रामला चिठ्ठी देताना आम्ही त्यात स्पष्ट विनंती लिहितो : रुग्ण दूरचा आहे, शक्य असल्यास एकाच बैठकीचा विचार व्हावा. चंद्रपूर येथे राज्य शासन आणि टाटा न्यास यांनी मिळून कर्करोग रुग्णालयाची उभारणी हाती घेतली. या भागाला त्याचा जो आधार होईल, तो अंतराच्या या हिशेबावरून आपल्या ध्यानात येईल.

प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून सांगतो. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. ते संप्रेरक थांबवले, की मणक्याची वेदना बहुसंख्य रुग्णांत काही दिवसांत उतरू लागते. त्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची महाग इंजेक्शने आहेत, आणि वृषणे काढून टाकण्याची छोटी, जुनी शस्त्रक्रियाही आहे. ती कमरेखाली भूल देऊन आपल्या शस्त्रक्रियागृहात सहज होते, आणि एकदाच करावी लागते. वयस्कर माणूस आधी ऐकूनच उठून जातो. पण त्याला आणि त्याच्या पत्नीला एकत्र बसवून, दार लावून, सर्व नीट समजावले, तर पुष्कळ जण विचार करून होकार देतात. पुराच्या महिन्यांत इंजेक्शनाची तारीख चुकण्याची काळजी त्यांना राहत नाही.

आता पुन्हा त्या बाईंकडे येतो. कर्करोग मज्जारज्जूवर दाब देऊ लागला, की ती तातडीची अवस्था असते. हृदयविकाराच्या झटक्याला आपण जशी घाई करतो, तशीच येथे हवी. डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध लगेच सुरू करायचे आणि रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवायचे. अमेरिकेतील पॅचेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १०१ निवडक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. चालण्याची शक्ती टिकली ती पहिल्या गटात साधारण १२२ दिवस, दुसऱ्यात १३ दिवस. आज अशा शस्त्रक्रियाही लहान छेदांतून, कातडीतून स्क्रू बसवून करता येतात. पण सर्व अभ्यासांत एक गोष्ट समान आहे : उपचाराच्या दिवशी जो रुग्ण चालत असतो, तो पुढेही चालण्याची शक्यता मोठी असते. ज्याचे पाय आधीच गेलेले असतात, त्यांतील थोडेच परत येतात. शल्यचिकित्सक कितीही निष्णात असला, तरी पहिल्या दवाखान्यात गेलेले तीन आठवडे तो परत आणू शकत नाही.

मॉर्फिनविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. सुई, सिमेंट, किरण यांच्या आधी, त्यांच्याबरोबर आणि ते सर्व संपल्यावरही लागते ती मॉर्फिनची गोळी. ती महाग नाही. आपला देश कायदेशीररीत्या अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूर येथे शासनाचे कारखाने आहेत, आणि तरीही आपल्या खेड्यातला रुग्ण तळमळत राहतो. अंमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा इतका कडक होता, की परवान्यांच्या जंजाळात दुकानदार आणि रुग्णालये यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये तो अवघा १८ किलोवर आला. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला वेदनाशमन केंद्र सुरू केले, घराघरांत स्वयंसेवक पाठवले, आणि कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच परवानगीवर ही औषधे ठेवणे शक्य झाले. नातेवाईकांना भीती वाटते, की माणूस नशेला लागेल, किंवा गोळी म्हणजे शेवट जवळ आला. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेमून दिलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचे भय अगदी अल्प असते. त्याने बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून बरोबर जुलाबाचे औषध दिलेच पाहिजे. ते न दिल्यामुळे कंटाळून गोळी सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता विश्वस्त मंडळापुढे एक मतभेद ठेवतो, तो त्यांना ठाऊक आहेच. एका देणगीदार कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ आपल्या रुग्णालयाला सी-आर्म यंत्र देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांच्या मातोश्रींना याच आजाराचा त्रास होता. त्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. यंत्राचे स्वागतच आहे. मोडलेली हाडे बसवण्यासाठी ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल, आणि बाहेरून येणारे तज्ज्ञ शिबिरात निवडक रुग्णांची व्हर्टिब्रोप्लास्टीही करू शकतील. पण मी विनंती केली आहे, की त्या देणगीचा काही भाग आधी मॉर्फिनसाठी लागणारी मान्यता, त्याचे कुलूपबंद कपाट आणि नोंदवही, दोन परिचारिकांचे वेदनाशमनाचे प्रशिक्षण, आणि दूरच्या रुग्णाच्या एम.आर.आय.साठीचा प्रवास व नातेवाइकाचा मुक्काम यांसाठी ठेवावा. या गोष्टींवर संगमरवरी पाटी लावता येत नाही, ही अडचण मला समजते. त्या कुटुंबातील ज्येष्ठ चिरंजीवांनी मला विचारले, "म्हणजे यंत्र नको का?" मी म्हटले, यंत्र हवे, पण ज्या रुग्णाचा आजार कोणी ओळखलाच नाही, तो यंत्रापर्यंत येणार नाही. मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो जो होईल तो मी मान्य करीन.

शेवटी मागे बसलेल्या कुटुंबीयांशी थोडे बोलतो. घरात कोणाला पूर्वी कर्करोग झाला असेल, मग तो दहा वर्षांपूर्वी बरा झालेला का असेना, तर पाठ दुखू लागल्यावर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. रात्री वाढणारी पाठदुखी, छातीभोवती आवळल्यासारखे वाटणे, चालताना पाय लटपटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडणे, यांपैकी काहीही दिसले तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर मी अडवणार नाही, पण जाताना आमच्याकडून जा. रुग्णाला खाटेची कावड करून आणावे लागते, तेव्हा सैल विणीची खाट मध्ये वाकते आणि मणका अधिक दबतो. खाटेवर दाराची फळी किंवा जाड पाटी टाका, त्यावर गोधडी, आणि रुग्णाला कूस बदलताना खांदे व कंबर एकदमच वळवा. जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छपराखाली टांगून ठेवा. आणि पर्लकोटेला पूर येऊन रस्ता तुटण्याआधी, मृगाच्या सुमारास, दोन महिन्यांची औषधे घेऊन जा. मॉर्फिनची मान्यता मिळाली, की त्याचा किती साठा एका वेळी देता येईल, हे आम्ही नियमांनुसार ठरवून तुम्हाला कळवू.

प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. ज्यांना माडियातून विचारायचे असेल त्यांच्यासाठी आमच्या परिचारिका भगिनी डाव्या दाराजवळ बसल्या आहेत. ज्यांना चारचौघांत विचारायचे नसेल, त्यांनी जेवणानंतर सात नंबरच्या खोलीत यावे, मी तेथेच आहे.